आठ नंबर येईपर्यंत

आमच्या घरात वायफाय आहे, एवढं मी शपथेवर सांगायला तयार आहे. कुठे कुठे आहे, ते मात्र विचारू नये. दाराशी, चपलांच्या कपाटावर तो पांढरा डबा बसवलेला आहे आणि त्याच्या आसपास, म्हणजे चपला घालताना किंवा काढताना, माणसाचा जगाशी उत्तम संपर्क असतो. बैठकीच्या खोलीत तो जरा मंदावतो. स्वयंपाकघरात तो त्याच्या मर्जीवर असतो. आणि मागच्या खोलीत, जिथे बायकोचं कामाचं टेबल आहे, तिथे तो फक्त सकाळी, दार उघडं ठेवून आणि लोखंडी कपाट हातभर सरकवून मिळतो. घर काटकोनात वळलेलं आहे आणि बांधणाऱ्याने भिंती अगदी मन लावून बांधल्या आहेत. एरवी आम्ही त्याला त्याबद्दल दुवाच देत होतो.

सात वर्षं यात कोणाचं काही अडलं नाही. अडलं ते बायकोच्या ऑफिसातून आलेल्या पत्रामुळे.

बायको एका मोठ्या प्रयोगशाळेत रक्ताचे अहवाल तपासते. यंत्रातून आलेले आकडे डोळ्यांखालून घालायचे, शंका आली तर परत तपासायला लावायचे आणि खात्री पटली की स्क्रीनवरचं हिरवं बटण दाबायचं. मग तो अहवाल डॉक्टरकडे जातो. तर पत्रात म्हटलं होतं, की गावातलं हे ऑफिस महिनाअखेर बंद होणार. ज्यांच्या घरची लाइन चाचणीत पास होईल त्यांनी घरून काम करावं, बाकीच्यांनी मुख्य कार्यालयात रुजू व्हावं. मुख्य कार्यालय इथून गाडीने सात तास. चाचणी एकवीस तारखेला, दहा ते दोन. चार तासांत लाइन दोनदा तुटली तर माफ, तिसऱ्यांदा तुटली की बॅग भरा. तोपर्यंत घरून सराव करून बघायला परवानगी होती.

पत्र आलं त्या दिवशी दोन तारीख होती.

“एकोणीस दिवस आहेत. पुष्कळ झाले,” मी म्हणालो.

“तुमच्यासाठी नाहीत,” बायको म्हणाली.

हे मला लागलं. मी चालढकल करतो असा घरात एक गैरसमज आहे. मी चालढकल करत नाही, मी विचार करतो, आणि विचाराला वेळ लागतो. आवाज न करणारं वॉशिंग मशीन बाजारात येणार आहे असं वाचून आम्ही एकदा चौदा महिने थांबलो होतो. आलंही ते. त्या चौदा महिन्यांत कपडे हाताने धुतले गेले. कोणाच्या हाताने, हा तपशील बायको दर वेळी आवर्जून पुरवते. पण वस्तू चांगली निघाली की नाही, याबद्दल मात्र ती अवाक्षर काढत नाही.

“बाबा, मेश घे,” मुलगी म्हणाली. ती कॉलेजात आहे आणि माझ्याशी बोलताना मोबाइलवरून नजर उचलणं तिला परवडत नाही. “एकाऐवजी तीन डबे असतात. घरात तीन ठिकाणी ठेवायचे. एक दुसऱ्याला सिग्नल देतो, दुसरा तिसऱ्याला. विषय संपला.”

विषय तिथेच संपला असता तर मी हे लिहायला बसलो नसतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. दुकानदाराने खोका काढला, झाकण उघडलं, आत तीन डबे शेजारी शेजारी बसलेले. मला ते आवडले. खिशाकडे हात गेलासुद्धा होता. आणि तेवढ्यात मी तो प्रश्न विचारला. भाजीवाला सोडला तर तो मी प्रत्येक दुकानात विचारतो.

“याच्यापुढचं कधी येतंय?”

दुकानदार स्वभावाने खरा माणूस होता. धंद्यात हा दोषच. तो म्हणाला, “साहेब, हे सात नंबर आहे. आठ नंबर येतंय असं म्हणतात.”

“कधी?”

“तीनेक महिन्यांत, म्हणतात.”

“त्यात वेगळं काय?”

“त्यातले डबे एकमेकांना विचारून काम करतात म्हणे. आपसात भांडत नाहीत.”

“म्हणजे सात नंबरचे भांडतात?”

गिऱ्हाईक हातचं गेलं हे दुकानदाराच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याने खोक्याला झाकण लावलं आणि मी घरी आलो.

येऊन बघतो तर समोरचे बँकवाले दारातच उभे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते दारातच असतात. मी पेच सांगितला. त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतला. कर्जाचे अर्ज ते असेच ऐकून घेत असणार.

“घाई करू नका,” ते म्हणाले. “तीन महिने म्हणजे काय, डोळ्याचं पातं लवतं तोवर जातील. आज सात घेतलंत आणि उद्या आठ आलं, तर सात नंबरचं काय करणार? घरात डबे सांभाळत बसणार? आहे ते काय वाईट चाललंय? उत्तम चाललंय!”

आमचं वायफाय उत्तम चाललंय हे ते इतक्या ठामपणे कसं सांगू शकतात, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

मग मी मेहुण्याला फोन लावला. मेहुणा संगणकाच्या कंपनीत आहे. “भाऊजी,” तो म्हणाला, “सात घेतलंत तर आठ आल्यावर रडाल. आठ घेतलंत तर नऊ आल्यावर रडाल.”

“मग तू काय घेतलंयस?”

“मी कशातच पडत नाही. ऑफिसात बसून काम करतो.”

एवढा सल्ला गोळा झाल्यावर साधारण माणूस गोंधळून गेला असता. मी वही काढली. चौकटीच्या कागदावर घराचा नकाशा काढला आणि दर खोलीत, दर तासाला, मोबाइलवर सिग्नलच्या किती रेघा येतात याची नोंद सुरू केली. आठ नंबर येईपर्यंत आहे त्याच डब्यातून काम भागतं का, हे शास्त्रीय पद्धतीने बघायला नको? डबा चपलांच्या कपाटावरून पुस्तकांच्या कपाटावर नेला. स्टुलावर ठेवला. मुलीने कुठेतरी वाचलं म्हणून त्याच्यामागे भांडी झाकायचा चंदेरी कागद लावला. त्यानंतर दिवसभर वरच्या मजल्यावरून कोणीतरी खाली येऊन विचारत होतं, “तुमच्याकडे काही चालू आहे का? आमच्याकडे अचानक फार छान येतंय.”

सहा दिवसांच्या निरीक्षणातून निष्कर्ष असा निघाला, की मागच्या बाजूला सर्वांत चांगला सिग्नल बाथरूमबाहेरच्या बेसिनपाशी येतो. का येतो, ते विचारू नका. नळाकडे तोंड केलं तर तीन रेघा, आरशाकडे पाठ केली तर चार. मी तिथे इस्त्रीचं टेबल उभं केलं, त्यावर बायकोचा लॅपटॉप ठेवला आणि खुर्ची आणून दिली. बायकोने टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कामाला बसली. कोणाला दात घासायचे असले की ती खुर्चीसकट बाजूला सरकायची.

त्याच शास्त्रीय पाहणीत आणखी एक गोष्ट उघडकीला आली. डब्याला किती यंत्रं जोडलेली आहेत ते मुलीने मोबाइलवर काढून दाखवलं. नऊ. आमची पाच. उरलेल्या चारांपैकी एकाचं नाव ‘बँकवाले टीव्ही’ असं होतं.

“अगं, हे काय?”

“मागच्या वर्षी त्यांची लाइन बंद होती ना, तेव्हा मी पासवर्ड दिला होता,” मुलगी म्हणाली. “मला वाटलं, त्यांनी नंतर स्वतःची चालू केली असेल.”

डबा आमच्या दाराला लागून, त्यांची बैठकीची खोली दोन पावलांवर समोर. म्हणजे आमचं वायफाय सर्वांत उत्तम कुठे चालत असेल तर ते त्यांच्या घरी. मी तावातावाने समोर गेलो. सरळ सांगायचं, की हे बरोबर नाही. त्यांनी मला बसवून घेतलं, आधीचाच सल्ला आणखी दोन मुद्दे घालून दिला, आणि मी त्यांचे आभार मानून परत आलो.

“सांगितलंत?” बायकोने बेसिनपाशी बसून विचारलं.

“विषय काढला,” मी म्हणालो.

आता हमीपत्राकडे येतो. इथे मला जरा हळू बोलावं लागेल.

प्रयोगशाळेने एक छापील हमीपत्र पाठवलं होतं. ते कर्मचाऱ्याच्या घरातल्या सज्ञान माणसाने भरून दहा तारखेपर्यंत द्यायचं होतं. कामाला स्वतंत्र जागा आहे, घरात गोंगाट नसतो, लाइन आहे, वगैरे. बायको म्हणाली, “तेवढी सही करा आणि जाता जाता ऑफिसात टाका.” तिच्या ऑफिसवरूनच माझा रस्ता जातो. बिनघोर सोपवावं असंच ते काम होतं, शिवाय माझ्या प्रांतातलं. मी सव्वीस वर्षं विम्याच्या ऑफिसात दाव्यांचे अर्ज तपासतो. एकही रकाना रिकामा असला की आमच्याकडे अर्ज परत जातो. माणसाचं घर जळालेलं असो, हात मोडलेला असो, रकाना भरलेला पाहिजे. लागू नसेल तर ‘लागू नाही’ असं लिहा, पण लिहा. मी स्वतः आजवर एकही रकाना मोकळा सोडलेला नाही.

हमीपत्रात सर्वांत खाली ‘शेरा’ असा एक रकाना होता.

तिथे ‘नाही’ लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण आठ दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं आणि रकाना चांगला ऐसपैस होता. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘घरात सध्याच्या पिढीची यंत्रणा अपुरी वाटत असून पुढील पिढीची यंत्रणा सुमारे तीन महिन्यांत उपलब्ध होणार आहे. तोपर्यंत प्रतीक्षा करणे सर्वांच्या हिताचे ठरेल.’ सही केली, तारीख घातली, प्रत काढून घेतली आणि पत्र दिल्याची पोच घेतली.

“भरलंत?” संध्याकाळी बायकोने विचारलं.

“रकाना न् रकाना,” मी अभिमानाने म्हणालो.

चौदा तारखेला दुपारी मी जेवायला घरी आलो होतो. बायको बेसिनपाशी बसली होती आणि तिची मान ताठ झालेली होती. मला तिच्या मानेवरून कळतं. स्क्रीनवर एक चक्र गोल गोल फिरत होतं. कुठल्यातरी दवाखान्यात एका बाईला ऑपरेशनसाठी आत घ्यायचं होतं आणि तिच्या रक्ताच्या एका आकड्यासाठी सगळे थांबले होते. आकडा बायकोने तपासला होता, बटण दाबलं होतं, पण अहवाल जात नव्हता. ऑफिसातून फोनवर फोन येत होते. मी म्हणालो, “आरशाकडे पाठ कर.” ती उठली, लॅपटॉप उघडाच छातीशी धरला, स्वयंपाकघर, बैठकीची खोली असं सगळं घर धावत ओलांडून गेली आणि चपलांच्या कपाटाशी फरशीवर बसली. तिथे बटण दाबलं आणि अहवाल गेला. तेवीस मिनिटं उशीर झाला होता.

ती उठली नाही. चपलांमध्येच बसून राहिली.

“मला तिकडे जायचं नाहीये हो,” ती म्हणाली. “सात तासांवर एक खोली घेऊन एकटीने राहायचं, संध्याकाळी कुलूप काढून आत जायचं. मला नाही जमणार.”

इतकी वर्षं माझ्या थांबण्यावर ती बोलत आली. चिडून बोलली, हसून बोलली. अशी कधी बोलली नव्हती. आठ नंबर, नऊ नंबर, डब्यांची भांडणं, सगळं एकदम फिकं पडलं. मी चपला शोधल्या. त्यातली एक तिच्या पाठीमागे होती. ती घातली आणि थेट दुकान गाठलं.

“आठ नंबर अजून...” दुकानदार सुरू झाला.

“सात द्या,” मी म्हणालो.

तो इतका दचकला, की त्याने खोका उघडून न दाखवताच बांधून दिला.

आता वाचकांना वाटेल, सुटलो. मलाही वाटलं होतं. पण नवे डबे चालू व्हायचे तर जुना डबा झोपवावा लागतो. माझ्या मनाचं हे नाही, लाइन कंपनीचाच शब्द आहे. आणि झोपवायचा अधिकार फक्त त्यांच्या लाइनमनला. मी तक्रार नोंदवली. मला अकरा आकडी क्रमांक मिळाला, तो मी पाठ केला. सोळा तारखेला लाइनमन आला नाही. सतरा तारखेला तो येणार म्हणून मी रजा काढली आणि त्याला घर सापडावं म्हणून खाली फाटकाशी जाऊन उभा राहिलो. दोन तास उभा होतो. तो मागच्या जिन्याने वर गेला, बायको ऑफिसात, मुलगी कॉलेजात, म्हणून मी दाराला घातलेलं कुलूप बघितलं आणि ‘घर बंद’ असं लिहून मागच्या जिन्याने निघून गेला. तक्रार निकालात निघाली. मी नवी नोंदवली. आता दोन अकरा आकडी क्रमांक माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळायला लागले. अठराला मी फोनवर तिसराच कुठलातरी क्रमांक सांगितला आणि तो क्रमांक कोणाच्यातरी लँडलाइनचा निघाला. ते गृहस्थही बिचारे लाइनमनची वाट बघत होते. आमची चांगली ओळख झाली.

एकोणिसाला लाइनमन आला. त्याने जुना डबा झोपवायला चार मिनिटं घेतली.

वीस तारखेला डबे लागले. एक दाराशी, एक फ्रिजवर आणि एक मागच्या खोलीत बायकोच्या टेबलावर. मी मोबाइल हातात धरून सगळं घर दोनदा फिरलो. रेघा भरलेल्या. बेसिनपाशी भरलेल्या, कपाटामागे भरलेल्या, आणि बायकोच्या टेबलापाशी तर विचारूच नका. इस्त्रीचं टेबल मिटवून ठेवलं. बायको आपल्या खुर्चीत बसली, दोन अहवाल पाठवले, आणि पुष्कळ दिवसांनी हसली.

आनंद मला फार वेळ सोसत नाही. वीज गेली तर? बँकवाल्यांनी ही शंका ऐकली मात्र, स्वतःहून त्यांच्याकडचा मोठा बॅटरीचा डबा उचलून आणून दिला. जाताना नवा पासवर्ड कागदावर लिहून घेऊन गेले. मी दिला. त्या दिवशी कोणी किडनी मागितली असती तरी मी विचार केला असता.

एकवीस तारीख. बायको ऑफिसला जाते तशी तयार होऊन साडेनऊपासून खुर्चीत. मुलीला कॉलेजात पिटाळायचं ठरलं होतं, पण ती जाईना. मी पुन्हा रजेवर. दहा वाजले, स्क्रीनवर काही नाही. सव्वादहा, काही नाही. मी तिन्ही डब्यांवरचे दिवे तपासून आलो. साडेदहाला बायकोने फोन लावला. तिने दोन वेळा “काय?” म्हटलं, एकदा “कोणी?” म्हटलं, आणि फोन ठेवला. मग तिच्या ऑफिसचं पत्र स्क्रीनवर आलं. तिने ते मोठ्याने वाचलं.

“‘कर्मचाऱ्याच्या कुटुंबीयाने हमीपत्राच्या शेरा या रकान्यात केलेल्या विनंतीनुसार चाचणीस तीन महिन्यांची मुदतवाढ मंजूर करण्यात येत आहे. सदर कालावधीत कर्मचाऱ्याने सोमवारपासून मुख्य कार्यालयात उपस्थित राहावे.’”

एवढ्या भरलेल्या रेघांखाली इतकी शांतता मी प्रथमच ऐकत होतो.

“बाबा,” मुलीने मोबाइल खाली ठेवला, “तू काय लिहिलंस?”

माझ्याकडे प्रत होती. ती आणून मी बायकोच्या हातात दिली. तिने वाचली, परत वाचली आणि घडी घालून टेबलावर ठेवली. ती ओरडेल म्हणून मी तयारीत होतो. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, माळ्यावरची मोठी बॅग काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि उघडी करून पलंगावर ठेवली. त्या दिवशी घरात ज्याने त्याने आपापलं वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एक पिशवी घेऊन बाहेर पडली, कुठे ते सांगितलं नाही. बॅग पलंगावर तशीच उघडी. मी एकटाच घरात. मागच्या खोलीत गेलो, बेसिनपाशी आलो, परत दाराशी आलो. सिग्नल सगळीकडे होता. मला काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, पण छातीत धडधडायला लागलं आणि आपण आजारी पडणार असं वाटलं. मी टेबलाशी बसून तीन पानी निवेदन लिहिलं, सोबत यंत्रखरेदीची पावती, सिग्नलची चौकटीची वही आणि नकाशा जोडला, आणि तिच्या ऑफिसात जाऊन धडकलो.

तिथल्या मॅडमनी तीनही पानं वाचली. हे मी व्यवसायबंधू म्हणून कौतुकाने नमूद करतो. मग त्यांनी माझं हमीपत्र काढलं.

“तुम्ही म्हणता सात नंबर बसवलं आणि उत्तम चाललंय.”

“हो.”

“पण तुम्हीच इथे लिहून दिलंय, की सध्याची पिढी अपुरी आहे.”

“ते मी वापरण्याआधी लिहिलं होतं.”

“सही तुमचीच ना?”

माझ्याच टेबलावर बसून मी लोकांना नेमकं हेच विचारत आलो आहे. समोरच्या खुर्चीत बसल्यावर ते इतकं वाईट लागतं, याची मला कल्पना नव्हती.

“तांत्रिक कारण आता चालणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “विनंती मंजूर झाली, क्रमांक पडला. शेरा मागे घ्यायचा तर वैयक्तिक कारणानेच घेता येतो. हा अर्ज भरा. आणि सोबत काही जोडू नका.”

अर्ज अर्ध्या पानाचा. नाव, वय, नातं, आणि ‘कारण’. कारणाला दोन ओळी. बस्स. दोन ओळींत मी आजवर पत्तासुद्धा बसवलेला नाही. मी ‘घरगुती अडचण’ लिहायला गेलो, पण असं कारण आलं की मी स्वतः ‘मोघम’ म्हणून परत पाठवतो. ‘प्रकृती’ लिहावं तर दाखला लागतो. पेन हातात धरून दहा मिनिटं गेली. शेवटी जे खरं होतं ते लिहिलं आणि कागद घाईघाईने उलटा करून पुढे सरकवला.

मॅडमनी तो सुलटा केला. “अर्जदाराला वाचून दाखवायचा नियम आहे,” असं म्हणून त्यांनी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. “‘कारण. ती घरात नसली की मला भीती वाटते.’ बरोबर?”

हॉलमधला टाइप करण्याचा आवाज थांबला.

“बरोबर,” मी म्हणालो.

“भीती अर्जदाराला वाटते? म्हणजे तुम्हाला?”

“हो.”

“वय त्रेपन्न?”

“हो.”

मॅडमनी शिक्का मारला. “करते मंजूर. असं कारण आजवर कोणी लिहिलेलं नाही, त्यामुळे नाकारायचं कसं तेही आम्हाला माहीत नाही. चाचणी उद्या दहाला.”

चाचणी झाली, चार तासांत लाइन एकदाही तुटली नाही, आणि बायको आज मागच्या खोलीत बसून काम करते, हे इथेच सांगून टाकतो. कारण यापुढे जे झालं त्याचा वायफायशी संबंध नाही.

मी वळलो तर शेवटच्या टेबलाशी बायको उभी होती. सकाळी ती इथेच आली होती, टेबल रिकामं करायला. पिशवी खांद्याला, हातात पेनांचा डबा. आजूबाजूचे सात-आठ जण आधी माझ्याकडे आणि मग तिच्याकडे बघत होते. तिचा चेहरा लाल झाला होता. रागाने की कशाने, मला ठरवता येईना. ती बाहेर पडली. मीही मागोमाग निघालो.

जिन्यात पोचल्यावर ती थांबली.

“हे आधी मला सांगायचं असतं,” ती म्हणाली. “मॅडमना नंतर.”

“घरी तसा रकाना नव्हता,” मी म्हणालो.

“मग आखून घ्या,” ती म्हणाली, आणि पेनांचा डबा माझ्या हातात देऊन जिना उतरायला लागली.